गोष्टीचा कारभार वाचकाकडे

अमेरिकेच्या टपाल खात्याने २०२४ साली दहा चित्रांची तिकिटे काढली. त्यांवर ड्रॅगन आहेत, अक्राळविक्राळ प्राणी आहेत, त्यांना भिडणारे वीर आहेत. निमित्त होते ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाला पन्नास वर्षे झाल्याचे. याच देशात १९८०च्या दशकात या खेळाची पुस्तके सैतानाची म्हणून बदनाम झाली होती. ती मुलांना वेड लावतात, आत्महत्येकडे ढकलतात, असे चर्चमध्ये आणि दूरचित्रवाणीवर सांगितले जात होते. चाळीस वर्षांत निषेधाचा विषय राष्ट्रीय सन्मानाचा झाला. हे कसे घडले, याचा शोध आपणही घ्यायला हवा, कारण अद्भुत साहसकथेला कमी लेखण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि तिची किंमत आपली मुले मोजत आहेत.

या इतिहासातून आम्हाला दिसते ते एवढेच. अद्भुत कथा वाचकाच्या ताब्यात जाते तेव्हा वाढते. राजाने, पंडिताने, समाजाच्या राखणदारांनी किंवा कंपनीने ती त्याच्या हातून काढून घेण्याचा प्रयत्न केला, की ती खुरटते. आणि दर वेळी वाचकांनीच ती परत मिळवलेली आहे.

सुरुवात आपल्याच पैठणपासून करावी लागते. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला. आपल्या ग्रंथाचे मूळ सांगताना तो पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारातील गुणाढ्याची हकीकत देतो. राजाला संस्कृत किती लवकर शिकवता येईल, या पैजेत गुणाढ्य हरला. ठरल्याप्रमाणे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडल्या आणि तो विंध्याच्या अरण्यात गेला. तिथे पिशाचांची भाषा शिकून त्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. पोथी राजाकडे पाठवली, तेव्हा भाषा पैशाची आणि लेखन रक्ताचे पाहून राजाने ती झिडकारली. गुणाढ्याने टेकडीवर अग्नी पेटवला. एकेक पान तो मोठ्याने वाचू लागला आणि वाचून झालेले पान आगीत टाकू लागला. रानातले पशू चरणे सोडून भोवती ऐकत उभे राहिले. इकडे राजाच्या मुदपाकखान्यात येणारे मांस सुकलेले निघू लागले. चौकशी होऊन राजा धावत आला, तोवर सहा लाख श्लोकांची राख झाली होती. हाती लागले ते एक लाख.

ही दंतकथा आहे, पण तिच्यातले निदान नेमके आहे. राजाने गोष्ट वाचलीच नव्हती. त्याने फक्त तिची भाषा आणि तिचा वेष पाहिला. पुढे जिथे जिथे अद्भुत कथेवर खटला चालला, तिथे न्यायाधीश असाच पोथी न उघडता निकाल देत आला. आणि जे एक लाख श्लोक उरले, त्यांनीही किती मजल मारली! नरवाहनदत्त या राजपुत्राची विद्याधरांच्या राज्यापर्यंतची वाटचाल, वेताळाच्या पंचवीस गोष्टी, उडती यंत्रे, मायानगरी. वेताळाची युक्ती तर विशेष पाहण्यासारखी आहे. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तो आपल्याला वाहून नेणाऱ्या राजाला पेचात टाकणारा प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा बोलला नाही, तर त्याच्या डोक्याची शकले होतील. बोलला, तर वेताळ पुन्हा झाडावर. ऐकणाऱ्याला निवाडा करायला लावणारी गोष्ट आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी तयार होती.

मराठी मुद्रणाच्या आरंभीच्या पुस्तकांतही अशाच कथा होत्या. श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८१४ साली ‘सिंहासनबत्तिशी’ निघाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१पासून अरबी भाषेतील सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या आणि त्यावर अनेक पिढ्या वाचायला शिकल्या. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने १९१३पासून घराघरात वाचकांना झपाटले. नंतर मात्र वास्तववाद हीच प्रौढपणाची खूण ठरली. अद्भुत कथेची रवानगी बालवाङ्मयात झाली किंवा भाड्याने पुस्तके देणाऱ्या गल्लीतल्या लायब्रऱ्यांत. नारायण धारपांचे वाचक या लायब्रऱ्यांत रांगा लावत होते, पण समीक्षेने त्यांची दखल घ्यायला फार वेळ लावला.

पश्चिमेतही याहून फार वेगळे घडले नाही. ऑक्सफर्डचा भाषापंडित जे. आर. आर. टॉल्किन याचे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५मध्ये तीन खंडांत आले, तेव्हा एडमंड विल्सनसारख्या वजनदार समीक्षकाने ते पोरकट ठरवले. टॉल्किनने या आक्षेपाला १९३९ सालच्या एका व्याख्यानात आधीच उत्तर देऊन ठेवले होते. कैदेत पडलेला माणूस बाहेरच्या जगाचा विचार करत असेल, तर त्याला पळपुटा म्हणता येत नाही. रणातून पळ काढणारा वेगळा आणि तुरुंगातून सुटू पाहणारा वेगळा, असा त्याचा युक्तिवाद होता. तो करणाऱ्या माणसाने १९१६ साली सोमची लढाई पाहिली होती आणि त्या महायुद्धात जिवाभावाचे मित्र गमावले होते. वास्तव काय असते, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

टॉल्किनला लाखोंचा वाचक मिळाला तो स्वस्त पुस्तकांमुळे. १९६५ साली अमेरिकेतील एस बुक्स या प्रकाशनाने कायद्यातील पळवाट धरून, लेखकाला न विचारता, ७५ सेंटची आवृत्ती बाजारात आणली. बॅलंटाइनने लेखकाच्या संमतीची आवृत्ती ९५ सेंटला काढली. टॉल्किन आपल्या वाचकांना पत्रोत्तरांतून खरी हकीकत कळवू लागला. वाचकांनी वीस सेंट जास्त मोजून लेखकाची बाजू घेतली. अखेर एस बुक्सला मानधन द्यावे लागले आणि पुस्तक पुन्हा न छापण्याचे मान्य करावे लागले. या वादाच्या गाजावाजात मिडल-अर्थ हे टॉल्किनचे जग विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत पोचले. रॉबर्ट हॉवर्डचा कोनन, फ्रिट्झ लायबरचे दोन भटके तलवारबहाद्दर, जॅक व्हान्सची मरणाला टेकलेली पृथ्वी, ही जुनी मंडळीही त्याच सुमारास खिशात मावणाऱ्या आवृत्त्यांतून नव्याने फिरू लागली.

वाचकाचे पोट मात्र एवढ्याने भरत नव्हते. त्याला त्या जगात स्वतः शिरायचे होते. याची वाट निघाली अगदी अनपेक्षित ठिकाणाहून, प्रशियाच्या लष्करातून.

राइसविट्झ पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नकाशावर खेळायची लढाई तयार केली आणि १८२४मध्ये मुलाने तिला पक्के रूप दिले. दोन बाजूंचे अधिकारी, मध्ये पंच. शत्रू कुठे दडला आहे, हे फक्त पंचाला ठाऊक. खेळणाऱ्याने हुकूम द्यायचा आणि फासा व पंच मिळून त्याचा परिणाम सांगणार. अमेरिकेत चार्ल्स टॉटन या सैनिकी अधिकाऱ्याने १८८० साली ‘स्ट्रॅटेगोस’ हा याच विषयावरचा ग्रंथ लिहिला. पंच असेल तर खेळाडू मनात येईल ते करून पाहू शकतो, नियमात ते आधी लिहिलेले असायला हवे असे नाही, हे त्यातले तत्त्व. पुस्तक ग्रंथालयात पडून राहिले. सुमारे नव्वद वर्षांनी डेव्हिड वेस्ली या मिनेसोटातल्या तरुणाच्या हाती ते लागले. १९६९ साली त्याने नेपोलियनच्या काळातले एक काल्पनिक जर्मन गाव मांडले आणि मित्रांना पलटणींऐवजी एकेक माणूस दिला. कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा कुलपती. खेळाडू परस्परांशी कानगोष्टी करू लागले, कारस्थाने रचू लागले, लढाईची वाट न पाहता आपापले हेतू साधू लागले. वेस्लीला वाटले, खेळ फसला. मित्रांना मात्र तो पुन्हा पुन्हा हवा होता.

त्या मित्रांत डेव्ह आर्नेसन होता. त्याने हाच प्रकार अद्भुताच्या प्रदेशात नेला. ब्लॅकमूर नावाचा किल्ला, त्याखाली भुयारे आणि भुयारांत दडलेला खजिना व संकटे. विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या छोट्या गावात गॅरी गायगॅक्स राहत होता. शाळा अर्धवट सोडलेला, विमा कंपनीत काम केलेला, नोकरी गेल्यावर घराच्या तळघरात लोकांचे जोडे दुरुस्त करणारा गृहस्थ. आर्नेसनची कल्पना आणि गायगॅक्सची नियम लिहिण्याची हातोटी यांतून १९७४मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. लाकडी दिसणारे एक खोके, आत तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार. खोकी घरीच भरली जात होती.

त्या पुस्तिका आज चाळताना जाणवते, की त्यांचे लेखन ओबडधोबड आहे आणि चित्रे हौशी आहेत. पण तिसऱ्या पुस्तिकेचा समारोप साहित्याच्या इतिहासात नोंद करावी असा आहे. नियम अपुरे वाटले तर तुमचे तुम्ही ठरवा. तुमच्या वाट्याची कल्पना आम्ही कशाला करायची, असा त्याचा आशय आहे. इतक्या मोकळेपणाने लेखणी वाचकाकडे सोपवणारे लोकप्रिय पुस्तक त्याआधी क्वचितच निघाले असेल. वाचकांनी ते मनावर घेतले. पुस्तिका मिळत नव्हत्या, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांच्या छायाप्रती काढून वाटल्या. १९७५मध्ये केन सेंट आंद्रे या ॲरिझोनातील ग्रंथपालाने स्वतःचा सोपा खेळ लिहून काढला. गणिताच्या शिक्षकांसाठी बनवलेले चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासे मुलांच्या खिशात खुळखुळू लागले.

हा खेळ वाचनाला मारक ठरेल अशी भीती ज्यांना वाटली, त्यांनी १९७९ सालचे पंचाचे जाडजूड पुस्तक उघडायला हवे होते. त्याच्या शेवटी गायगॅक्सने एक यादी दिली आहे. ज्या लेखकांनी आपल्याला घडवले त्यांची ती यादी: हॉवर्ड, लायबर, व्हान्स, लव्हक्राफ्ट, टॉल्किन, झेलाझ्नी आणि आणखी कित्येक. या खेळात जादूगार मंत्र पाठ करतो आणि वापरला की विसरतो. हा नियम कुठून आला, असे कुतूहल असलेल्या मुलाला यादीत व्हान्सचे नाव दिसे आणि तो ग्रंथालयात जाई. एका पिढीने ही यादी हातात घेऊन जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घातली. खेळाने वाचकाला पुस्तकाकडे परत पाठवले.

आता इंग्लंडमधला टप्पा, आमच्या मते सर्वांत फलदायी. खेळाला चार-पाच सोबती आणि एक पंच लागतो. एकट्या मुलाने काय करायचे? अमेरिकेत एडवर्ड पॅकर्डने मुलींना झोपताना गोष्ट सांगता सांगता, पुढे काय करायचे ते त्यांनाच विचारले आणि त्यातून वाटा फुटणाऱ्या पुस्तकांचा प्रकार जन्मला. लंडनमध्ये स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन या मित्रांनी १९७५मध्ये गेम्स वर्कशॉप ही कंपनी काढून गायगॅक्सचा खेळ युरोपात आणला होता. त्यांनी पॅकर्डच्या वाटांना फासे जोडले. ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ हे पुस्तक १९८२मध्ये पफिनने छापले. डोंगराखालच्या भुयारांचा पहिला भाग लिव्हिंगस्टनने लिहिला, मधल्या नदीपलीकडचा जॅक्सनने.

हे पुस्तक कसे वाचतात, ते नीट पाहिले पाहिजे. त्यात चारशे क्रमांकित परिच्छेद आहेत, मुद्दाम उलटसुलट लावलेले. सुरुवातीलाच वाचक फासा टाकून आपले बळ ठरवतो. एका फाशात सहा मिळवले की कौशल्य, दोन फाशांत बारा मिळवले की दम, पुन्हा एका फाशात सहा मिळवले की नशीब. हे आकडे पुस्तकातल्याच तक्त्यात पेन्सिलीने लिहायचे. समोर राक्षस आला तर दोन्ही बाजूंनी दोन फासे टाकायचे, त्यात ज्याचे त्याचे कौशल्य मिळवायचे. ज्याची बेरीज मोठी, त्याचा घाव बसला. ज्याला बसला, त्याच्या दमातून दोन वजा. वाटेत दरवाजा लागतो. उघडायचा असेल तर अमुक परिच्छेदाकडे जा, पुढे जायचे असेल तर तमुक. भुयारांचा नकाशा कोणी देत नाही. तो वाचकाने कागदावर काढत जायचा. अखेरीस जादूगाराची पेटी सापडते. तिला योग्य तीन किल्ल्या लागतात आणि किल्ल्यांवर आकडे कोरलेले असतात. त्या आकड्यांची बेरीज हाच पुढच्या परिच्छेदाचा क्रमांक. ज्याने वाटेतल्या खोल्या धुंडाळल्या नाहीत, त्याच्याकडे किल्ल्या नाहीत. पुढे कोणत्या परिच्छेदावर जायचे हेच त्याला कळत नाही. त्याचे साहस तिथेच संपते, आणि त्याला पहिल्या पानापासून पुन्हा वाचायचे असते.

दहा वर्षांचा मुलगा एकच पुस्तक आठ-दहा वेळा वाचतो, आकडेमोड करतो, नकाशा काढतो, टिपणे ठेवतो, चुकतो आणि कोणी न सांगता पुन्हा बसतो. कोणत्या शिक्षकाला याहून जास्त हवे असेल? पुस्तकाला हात न लावणारी कितीतरी मुले या पुस्तकापासून सुरू झालेल्या मालिकेमुळे वाचायला लागली, असे ब्रिटिश शिक्षक आणि ग्रंथपाल सांगत आले आहेत. मालिकेच्या लाखो प्रती खपल्या आणि तिची भाषांतरे अनेक भाषांत झाली. लिव्हिंगस्टन पुढे संगणकीय खेळांच्या उद्योगात मोठा झाला. २०११ साली त्याने सहलेखकासह ब्रिटिश सरकारसाठी एक अहवाल लिहिला. शाळांत मुलांना संगणक वापरायला शिकवतात, घडवायला शिकवत नाहीत, हा त्या अहवालातला मुख्य आक्षेप. २०१४पासून इंग्लंडच्या अभ्यासक्रमात संगणनाचा विषय आला, त्यामागे या अहवालाचाही हात होता. २०२२ साली त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. ‘हे केले तर इकडे, ते केले तर तिकडे’ अशा वाटा आखणाऱ्या माणसाला मुलांनी प्रोग्रॅम लिहायला हवा असे वाटणे स्वाभाविकच होते.

तिकडे अमेरिकेत राखणदार मात्र आधीच जागे झाले होते. १९७९मध्ये मिशिगनमधील एक हुशार, एकाकी विद्यार्थी विद्यापीठातून नाहीसा झाला. तो खेळाच्या नादात विद्यापीठाखालच्या भुयारांत हरवला, असे वर्तमानपत्रांनी छापले. ते खरे नव्हते. तो मुलगा खचलेला होता आणि त्याच्या दुःखाची कारणे वेगळी होती. पण तोवर आरोप गावोगाव पोचला होता. कादंबरी निघाली, चित्रपट निघाला. मुलगा गमावलेल्या एका आईने १९८३मध्ये या खेळाविरुद्ध संघटना उभारली. तिच्या दुःखाबद्दल आम्हाला आदरच आहे. तिच्या आरोपाला मात्र पुरावा मिळाला नाही. अभ्यासकांना खेळ आणि आत्महत्या यांच्यात कार्यकारण संबंध दिसला नाही. खेळ छापणारी कंपनी तरीही नमली. १९८९च्या नव्या आवृत्तीतून तिने सैतान आणि पिशाच ही नावेच काढून टाकली. गुणाढ्याच्या पोथीवर पिशाचांच्या भाषेचा ठपका होता. इथे पिशाचांच्या नावांचा. भीती मुळात एकच होती. मुले मोठ्यांच्या नजरेआड, स्वतःच्या कल्पनेच्या राज्यात, स्वतः निर्णय घेत होती.

त्यानंतरचा धोका बाहेरून आला नाही, तो मालकाकडून आला. टॉल्किनच्या हक्कदारांनी १९७०च्या दशकात त्याच्या ठेंगण्या लोकांचे हॉबिट हे नाव वापरायला हरकत घेतली, तेव्हा खेळातले हॉबिट ‘हाफलिंग’ झाले. ज्यांनी ही हरकत सोसली, त्यांच्याच वारसदारांवर पुढे मालकीचा मोह धरण्याची पाळी आली. खेळाचे हक्क १९९७मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे आणि १९९९मध्ये तिच्यासह हॅस्ब्रो या खेळणी कंपनीकडे गेले. २००० साली विझर्ड्सने शहाणपणाचा निर्णय घेतला. नियमांचा गाभा खुल्या परवान्याखाली मोकळा केला. कोणीही त्यावर आपले साहस रचावे, आपले पुस्तक विकावे. त्या बळावर शेकडो छोटे प्रकाशक उभे राहिले. जानेवारी २०२३मध्ये कंपनीने हा परवाना मागे घेऊन नवा, जाचक परवाना लादण्याचा घाट घातल्याचे बाहेर फुटले. मोठ्या प्रकाशकांनी उत्पन्नातला वाटा द्यावा, अशी अट त्यात होती. खेळाडूंनी कंपनीच्या ऑनलाइन सेवेची वर्गणी रद्द करण्याचा सपाटा लावला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने माघार घेतली आणि सुमारे चारशे पानांचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली कायमचे खुले केले. आता ते कोणालाही परत घेता येणार नाहीत. १९६५ साली वाचकांनी लेखकाचा हक्क राखला होता. २०२३मध्ये त्यांनी स्वतःचा राखला.

या घटनेचा मराठीशी थेट संबंध आहे. ते चारशे पानांचे नियम आज एखाद्या मराठी प्रकाशकाने भाषांतरित करून छापायचे ठरवले, तर त्याला कोणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही. मूळ कर्त्याचे श्रेय, परवान्याचा उल्लेख आणि भाषांतर केल्याची नोंद पुरे. पुण्या-मुंबईच्या कॅफेंत तरुणांचे गट संध्याकाळी हा खेळ मांडतात, पण टेबलावरची भाषा बहुधा इंग्रजी असते आणि जग कुठल्यातरी युरोपसदृश मुलखाचे असते. हॅरी पॉटर मराठीत आला, मुग्धा कर्णिकांनी टॉल्किनचा महाग्रंथ मराठीत आणला. अद्भुत वाचणारे मराठी मन आहे. त्याला अद्भुत घडवण्याची साधने द्यायची राहिली आहेत.

हे तातडीचे आहे, कारण खेळ तर आपली मुले आजही खेळतातच. फोनवरच्या खेळांतल्या पातळ्या, अनुभवाचे गुण, उरलेले प्राण मोजणारी पट्टी, हा सगळा सांगाडा १९७४च्या त्या तीन पुस्तिकांतून आलेला आहे. फरक इतकाच, की पुस्तिकेत नियम उघडे होते आणि मुलगा ते बदलू शकत होता. फोनमध्ये नियम झाकलेले असतात आणि मुलाकडे उरते ते बटण दाबणे, वेळ देणे आणि पुष्कळदा पैसेही देणे. फोन हिसकावून घेतल्याने हे सुटत नाही. त्याच भुकेला नियम उघडे असलेले, हाताळता येणारे, मराठीत वाचता येणारे पुस्तक द्यावे लागते.

कच्च्या मालाची ददात नाही. विक्रम आणि वेताळ आहेत, विद्याधर आहेत, चेटकिणी, हडळी आणि मुंजे आहेत, सातवाहनांचे पैठण आहे, घाटवाटा आणि लेणी आहेत. दर दिवाळीत महाराष्ट्रातली मुले अंगणात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात मातीचा किल्ला बांधतात. तट कुठून न्यायचा, बुरूज किती ठेवायचे, पाण्याचे टाके कुठे खणायचे, चोरवाट कुठे काढायची, यावर भांडतात. वर मातीचे मावळे उभे करतात, अळीव पेरून हिरवळ करतात. एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ लिहिले ते अशाच खेळण्यातल्या शिपायांसाठी आणि पुढचा खेळ त्या परंपरेतूनही वाढला. आपला किल्ला मात्र चार दिवस पाहण्याची वस्तू होऊन बसला आहे. त्या मावळ्यांना नावे, कौशल्य आणि दम देणारी, चोरवाटेने आत शिरलेल्या हेराचे काय करायचे हे फाशांवर सोडवणारी बत्तीस पानांची पुस्तिका कोणी का काढू नये?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. ‘किशोर’सारख्या मासिकांनी आणि बालकुमारांच्या दिवाळी अंकांनी यंदापासून निदान चाळीस परिच्छेदांची एकेक वाटांची गोष्ट छापावी. प्रकाशकांनी खुल्या नियमांचे मराठी पुस्तक काढावे आणि त्याच्या शेवटी मराठी अद्भुत साहित्याची यादी द्यावी, म्हणजे खेळणारा मुलगा धारपांपर्यंत आणि सोमदेवापर्यंत पोचेल. शासनमान्य ग्रंथालयांनी महिन्यातली एक दुपार फासे, कागद आणि पेन्सिलींसाठी राखावी. कपाटातली पुस्तके त्या दुपारीच हलू लागतील. शिक्षकांनी मुलांकडून अशी गोष्ट लिहून घ्यावी. वीस परिच्छेदांच्या वाटा आखताना कार्यकारणभाव जितका समजतो, तितका पाठ केलेल्या निबंधातून समजत नाही. आणि पालकांनी पोथी उघडल्याशिवाय निकाल देऊ नये.

सातवाहन राजाला आपली चूक उमगली तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते. आपल्याकडे आज जाळणारा कोणी नाही. कथा आहेत, नियम खुले आहेत, वाचायला आसुसलेली मुले आहेत. त्यांच्या हाती गोष्टीचा कारभार सोपवण्याचा निर्णय तेवढा मोठ्यांनी घ्यायचा आहे, आणि तो लांबवण्याचे एकही सबळ कारण उरलेले नाही.